भिंतीवरच्या डीएनएचे आटे

“मॅडम, याचे आटे उलटे आहेत.”

शेवटच्या बाकावरच्या मुलाचं हे वाक्य. त्याच्या वडिलांचं एसटी स्टँडच्या मागे लेथचं वर्कशॉप आहे. कॉलेज सुटलं की तो तिथेच असतो, आणि कुठलीही गोल वस्तू हातात आली की आधी तिच्यावर आटे आहेत का ते बघतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची भिंत रंगवून घेतली होती. आठ फुटी डीएनए, निळी आणि लाल फीत, मधे पिवळ्या-हिरव्या पायऱ्या. सुट्टीनंतर पहिल्याच तासाला सगळी मुलं भिंतीकडे बघत होती आणि मला मनापासून आनंद झाला होता. तेवढ्यात हे.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो दप्तरातून दोन वस्तू घेऊन आला. एक साधा अर्ध्या इंची बोल्ट आणि एक सायकलचं डावं पायडल. पायडल मारता मारता सैल होऊ नये म्हणून डाव्या बाजूच्या पायडलला उलटे आटे पाडतात, हे मला त्याने सांगितलं. बोल्ट उभा धरून समोरून पाहिला की त्याचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. पायडलचे उजवीकडून डावीकडे. मग त्याने दोन्ही भिंतीला लावून दाखवले. आमच्या डीएनएची पुढच्या बाजूने जाणारी प्रत्येक फीत उजवीकडून डावीकडे वर चढत होती. पायडलच्या जातीची.

डीएनएचा पीळ उजवा असतो. हे मी तेवीस वर्षं शिकवते आहे. गोल जिन्याचं उदाहरणही देते: चढताना बाहेरचा कठडा तुमच्या उजव्या हाताला येत असेल तर जिना उजव्या पिळाचा. आणि चित्र मीच निवडलं होतं, मोबाइलवर सापडलेलं, रंग छान आहेत म्हणून. पेंटरने बिचाऱ्याने मी दिलं ते हुबेहूब मोठं केलं. चूक माझी होती.

त्या रात्री मी इंटरनेटवर डीएनएची चित्रं उघडून एकेक तपासत बसले. डावी चित्रं इतकी आहेत की मोजता मोजता कंटाळा यावा. अमेरिकेत टॉम श्नायडर नावाच्या शास्त्रज्ञाने असे डावे डीएनए गोळा करून संकेतस्थळावर त्यांचं दालनच मांडलं आहे, त्यात विज्ञानाच्या नामवंत नियतकालिकांतली आणि जाहिरातींतलीही चित्रं आहेत. होतं काय की चित्रकार किंवा छपाई करणारा मांडणीसाठी चित्र आरशासारखं फिरवतो. माणसाचा चेहरा असा फिरवला तर फारसं बिघडत नाही. डीएनए फिरवला की तो डीएनए राहत नाही.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, “राहू द्या हो, परीक्षेत डावा-उजवा कोण विचारतो?” मला ते पटलं नाही. भिंतीवरचं चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं असतं. मी तासाला काय बोलले ते विसरतील, पण ते चित्र त्यांच्या डोक्यात घर करून बसेल. शिवाय या रेणूच्या इतिहासातच एका चुकीच्या चित्राने मोठा खोळंबा केलेला आहे.

१९५३ चा फेब्रुवारी, केंब्रिज. जेम्स वॉटसन हा शास्त्रज्ञ डीएनएमधले चार बेस, म्हणजे शिडीच्या पायऱ्या बनवणारे रेणू, एकमेकांशी कसे जुळतात ते शोधत होता. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. त्याने पाठ्यपुस्तकातले आकार घेतले होते आणि ते काही केल्या नीट बसत नव्हते. त्याच खोलीत जेरी डोनोह्यू नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बसायचा. त्याने वॉटसनला सांगितलं की पुस्तकातली ग्वानिन आणि थायमिनची चित्रं चुकीची आहेत, हायड्रोजनचा अणू नको त्या जागी काढला आहे. एक अणू! वॉटसनने पुठ्ठ्याचे नवे तुकडे कापले, आणि २८ फेब्रुवारीला टेबलावर सरकवता सरकवता त्याला दिसलं की ॲडेनिन-थायमिनची जोडी आणि ग्वानिन-सायटोसिनची जोडी अगदी एकाच रुंदीच्या होतात. मोठा बेस लहान बेसशी, म्हणून शिडीच्या सगळ्या पायऱ्या सारख्या. एर्विन शारगाफ या रसायनशास्त्रज्ञाला वेगवेगळ्या सजीवांच्या डीएनएमध्ये ॲडेनिन आणि थायमिन जवळजवळ समसमान का सापडत होते, तसंच ग्वानिन आणि सायटोसिन का, त्याचा उलगडाही त्या पुठ्ठ्यातच होता. पुस्तकावरच भरवसा ठेवून बसले असते तर त्या जोड्या जुळल्याच नसत्या.

हे सगळं मी मुलांना सांगितलं आणि पेंटरकाकांना पुन्हा बोलावलं.

पेंटरकाका साठीच्या पुढचे. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, तरी भिंतीवर अक्षर काढावं तर त्यांनीच. मोठं चित्र काढायची त्यांची जुनी पद्धत आहे: ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेषांवरून सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेषा. छापाच्या रांगोळीसारखंच.

मी चूक सांगितली. ते म्हणाले, “एवढंच ना मॅडम? खालचं वर करतो.” त्यांनी जुना कागद काढला, खालची बाजू वर केली आणि भिंतीला लावला. चार पावलं मागे जाऊन बघितलं. मान तिरकी केली. “आं? हे तर तसंच आहे की!”

बोल्ट डोक्यावर उभा केला म्हणून आटे बदलत नाहीत, तसंच हे. त्यांनी कागद परत आडवा-उभा फिरवून बघितला आणि मग स्वतःच म्हणाले, “बरोबर आहे. दोर कुठल्याही टोकाने धरा, पीळ तोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.” त्यांच्या लहानपणी घरी दोर वळायचे, त्यामुळे पिळाची गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली. मग त्यांनी कागद पालथा केला, मागची बाजू पुढे. ठिपक्यांच्या रेषा आता डावीकडून उजवीकडे चढायला लागल्या. कागद फिरवणं वेगळं आणि पालथा करणं वेगळं. रसायनशास्त्रात ज्याला आरसा-प्रतिमा म्हणतात, आणि जी शिकवताना माझा घसा दरवर्षी कोरडा पडतो, ती एका ट्रेसिंग पेपरने वर्गापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तोच कागद वर्गात नेला.

पुसायचंच आहे तर आता मापातच काढू, असं मी ठरवलं. कारण जुन्या चित्रात पीळ सोडूनही बऱ्याच गोष्टी अंदाजाने होत्या. डीएनएचा एक पूर्ण वेढा ३.४ नॅनोमीटर उंच असतो, रुंदी २ नॅनोमीटर, आणि एका वेढ्यात साधारण दहा पायऱ्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आठ फुटांत दोन वेढे बसवायचे तर एक वेढा ४८ इंचांचा, पायरी-पायरीत ४.८ इंच आणि रुंदी २८ इंच. काकांनी टेप काढली, ओळंबा सोडला आणि भिंतीवर वीस आडव्या खुणा केल्या. मी वहीत हिशेब केला: आमचं चित्र खऱ्यापेक्षा सुमारे ३६ कोटी पट मोठं होतं. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. तो याच मापाने रंगवायचा म्हटलं तर भिंत सात लाख किलोमीटरहून लांब लागेल, चंद्रापर्यंत जाऊन जवळजवळ परत येईल इतकी.

काकांनी विचारलं, “पण मॅडम, याला पीळ पडतोच कशाला? शिडी सरळ का नाही उभी राहत?”

इतका चांगला प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. उत्तर रसायनात आहे. पायऱ्या म्हणजे बेस, आणि बेस असतात चपटे, पत्त्यासारखे. त्यांच्या सपाट बाजूंचं पाण्याशी जमत नाही. पेशीत तर चोहीकडे पाणी. मग ते एकमेकांवर दाटीवाटीने बसतात, पत्त्यांच्या कॅटसारखे, मधे पाणी शिरायला फट नको. पत्त्याची जाडी ०.३४ नॅनोमीटर. आता शिडीच्या बाजूच्या दोऱ्या बघा. त्या शर्करा आणि फॉस्फेट यांच्या आळीपाळीने बनलेल्या. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याशेजारी राहायला आवडतं, म्हणून दोऱ्या बाहेरच्या अंगाला. पण एका फॉस्फेटपासून दुसऱ्या फॉस्फेटपर्यंतचं अंतर आहे ०.६ ते ०.७ नॅनोमीटर, पायरीच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट. दोरी लांब, पायऱ्या मात्र खेटून हव्यात. सरळ शिडी केली तर पायऱ्यांमध्ये फटी राहतात आणि पाणी शिरतं. उपाय एकच, दोरीने तिरकं व्हायचं. प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा सुमारे ३६ अंशांनी वळते, आणि दहा पायऱ्यांत वेढा पुरा होतो. काकांच्या हातात मी सुतळीचे दोन तुकडे आणि आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. काड्या जवळ जवळ आणल्या की सुतळी आपोआप तिरकी होते, ते त्यांनी बोटांनी अनुभवलं.

वळायचं हे ठरलं, पण उजवीकडेच का? ते शर्करेवर आहे. डीएनएमधली डीऑक्सीरायबोज ही शर्करा स्वतःच एका हाताची असते, जशी चप्पल एका पायाची असते. तिचा आरशातला जोड कागदावर काढता येतो, पण सजीवांच्या डीएनएमध्ये तो वापरलेला नसतो. सगळ्या चपला उजव्या पायाच्या असल्यावर रांग एकाच बाजूला झुकते, तसा नेहमीच्या रूपात डीएनएचा पीळ उजवा पडतो. म्हणून आमचं जुनं चित्र नुसतं उलटं नव्हतं. ते खरं करायचं तर त्यातला प्रत्येक शर्करेचा रेणू बदलावा लागला असता.

त्या शर्करेसाठी आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात एक वेगळी चौकट केली, एकच न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचा एक दुवा, मोठं करून. पंचकोनी शर्करा, तिच्या कार्बनना क्रमांक. १ वर बेस, ५ कडे फॉस्फेट, ३ वर पुढच्या फॉस्फेटला पकडायची जागा, आणि २ वर एक ऑक्सिजन गायब. ‘डीऑक्सी’ म्हणतात ते याच्यासाठी. ती जागा रिकामी ठेवून काकांनी विचारलं, इथे काही राहिलंय का. नाही राहिलं काका, तिथे काही नसणं हेच तर सगळ्यात महत्त्वाचं. आरएनएमध्ये त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते आणि ती शेजारच्याच बंधावर हल्ला करू शकते, म्हणून अल्कलीत आरएनएचे तुकडे पडतात आणि डीएनएची साखळी टिकते. पिढ्यान् पिढ्या जपायचा मजकूर अशाच कागदावर लिहायला हवा.

क्रमांकांमुळे बाणही सुटले. जुन्या चित्रात मी दोन्ही फितींवर वर जाणारे बाण काढायला लावले होते. खरं तर एक साखळी ५ कडून ३ कडे वर जाते तर दुसरी खाली, घाटातल्या दोन गाड्यांसारखी. ही गोष्ट वॉटसनचा सहकारी फ्रान्सिस क्रिक याला समजली ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या रोझलिंड फ्रँकलिनच्या मोजमापांवरून. तिच्या डीएनए-स्फटिकांची सममिती एका अहवालात नोंदली होती आणि तो अहवाल केंब्रिजला पोहोचला. फॉस्फेट बाहेरच्या अंगाला असणार, हेही ती १९५१ पासून सांगत होती. तिच्या आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याच्या मे १९५२ मधल्या त्या प्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्रात फुलीसारखी नक्षी आहे. ते छायाचित्र तिला न सांगता वॉटसनला दाखवलं गेलं. १९५८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती गेली, आणि १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि किंग्ज कॉलेजमधलेच मॉरिस विल्किन्स यांना मिळालं. तिचं नाव आमच्या भिंतीवर पहिल्या खेपेला नव्हतं. आता आहे, आणि पेंटरकाकांनी ते सगळ्यात ठसठशीत अक्षरात काढलं आहे.

मला स्वतःला नव्याने कळलेली एक गोष्ट अशी की त्या फुलीच्या छायाचित्रावरून पीळ आहे हे कळतं, पण उजवा की डावा ते कळत नाही. दोन्हींची नक्षी सारखीच येते. वॉटसन-क्रिकने उजवा म्हटलं ते प्रतिकृती बांधताना डाव्या पिळात अणू एकमेकांवर चढत होते म्हणून. शंका राहायला वाव होता. १९७६ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या व्ही. शशिशेखरन यांनी असं रूपही मांडलं की ज्यात साखळ्या थोडा वेळ उजव्या आणि थोडा वेळ डाव्या वळतात. ते टिकलं नाही, पण प्रश्न अगदी रास्त होता. त्याच संस्थेत एम. ए. विश्वमित्र यांनी सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये डीएनएच्या चार अक्षरी, म्हणजे चार बेसच्या, तुकड्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. मग १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच आणि अँड्र्यू वांग यांनी सहा अक्षरी तुकडा अणूंपर्यंत स्पष्ट पाहिला आणि तो निघाला चक्क डावा! त्याला झेड-डीएनए म्हणतात, साखळी नागमोडी जाते म्हणून. त्यानंतर लगेचच रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने बारा अक्षरी तुकड्याची रचना काढली आणि वॉटसन-क्रिकचा उजवा पीळ स्फटिकात प्रत्यक्ष दिसला.

हे ऐकल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “मग मॅडम, आपलं जुनं चित्र झेड-डीएनए होतं असं म्हणता येईल?” वर्ग खूश झाला, पुसायचे कष्ट वाचले असते. पण नाही. झेड-डीएनएच्या एका वेढ्यात बारा पायऱ्या असतात, तो अधिक सडपातळ असतो आणि त्याची शर्करा आपलीच, नेहमीच्या हाताची. आमचं चित्र नुसती आरशातली प्रतिमा होती. मुलीला उत्तर पटलं, पण ती वहीत बराच वेळ काहीतरी काढत बसली होती, ते मला फार आवडलं.

पेंटरकाकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. १९५३ च्या २५ एप्रिलला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या वॉटसन-क्रिकच्या लेखात डीएनएचं चित्र काढलं होतं ओडिल क्रिक यांनी. त्या फ्रान्सिस क्रिकच्या पत्नी, पेशाने चित्रकार. दोन फिती, मधे आडव्या काड्या, एक उभी रेघ. जगातला डीएनए तिथून पुढे तसाच काढला जातो, आणि त्यांनी तो उजवा काढला होता. काका ब्रश धुता धुता थांबले. “बाई पेंटर होत्या?” एवढंच म्हणाले, आणि मोबाइलवर ते चित्र मोठं करून बराच वेळ बघत राहिले. फितींमधल्या जागा सारख्या नसतात हे त्यांनी तेव्हा विचारून घेतलं. दोन्ही शर्करा पायरीच्या एकाच बाजूला झुकलेल्या असतात, त्यामुळे एक घळ रुंद होते आणि एक अरुंद. आमच्या मापाने ३१ इंच आणि १७ इंच. पेशीतली बरीचशी प्रथिनं रुंद घळीत बोट घालूनच अक्षरं वाचतात.

शेवटचं काम ठिपक्यांचं होतं. ॲडेनिन-थायमिनमध्ये दोन हायड्रोजन बंध, ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन. वॉटसन-क्रिकने सुरुवातीला दोन्हीकडे दोनच धरले होते. तिसरा लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवला.

शनिवारी दुपारी रंग वाळला. लेथवाल्याचा मुलगा खिशातून बोल्ट काढून भिंतीपाशी गेला, फितींच्या प्रत्येक चढाला लावून बघत वरपर्यंत स्टुलावर चढला. मग खाली येऊन पायऱ्या मोजायला लागला.

“आटे बरोबर आहेत,” तो म्हणाला. “पण खालून सातवी पायरी ग्वानिनची आहे ना, तिथे दोनच ठिपके आहेत.”

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, वाकून बघितलं आणि डब्यात पुन्हा ब्रश बुडवला.